दुखणे अंगावर काढण्याचे शास्त्र



पर्यावरण, जंतुशास्त्र, स्त्रियांचे आरोग्य आणि त्यांचे मन या चार विषयांतील संशोधनावर आम्ही बोलावे, अशी चालकांची इच्छा आहे. एका संध्याकाळी चार शास्त्रे म्हणजे एकाच दिवशी चार गावच्या जत्रा करण्यासारखे झाले. पाय दुखतात आणि देव एकही नीट दिसत नाही. म्हणून आम्ही एकच तक्रार घेतो आणि ती घेऊन चारही शास्त्रांच्या दारात जातो. ती तक्रार म्हणजे अंगावरून पांढरे जाणे. जुन्या बायका तिला धुपणी म्हणतात. हा शब्द भर सभेत उच्चारताच मागल्या रांगांत थोडी चुळबुळ होणार, हे आम्ही धरूनच आलो आहोत.

परंतु असा विषय या गावी काढण्यास आम्हाला संकोच वाटत नाही, त्याला कारण आहे. येथून हाकेच्या अंतरावर, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. आणि नांगर बनवणाऱ्या त्या वाडीतून 1930 साली 'स्त्री' मासिक निघाले. बाईच्या आयुष्याचे प्रश्न छापून चारचौघांत वाचावयाचे असतात, हे या मुलखाला तेव्हापासून ठाऊक आहे. दुसरे कारण याहून जवळचे. 1943 ते 1946 या काळात प्रतिसरकारचा कारभार येथून चालला. पोलिसांना हवी असलेली माणसे घराघरांतून वावरली आणि गावाने तोंड उघडले नाही. त्या गुपितामागे निर्धार होता. बाईच्या दुखण्याचे गुपित मात्र निर्धाराने राखलेले नसते. सांगावयास जागा नसते, म्हणून ते राहून जाते.

आता शास्त्रांची रीत पाहा. जंतुशास्त्रज्ञाला जंतू हवा, डॉक्टरला रोगी हवा, मानसशास्त्रज्ञाला मन हवे, आणि पर्यावरणवाल्याला पाणी नाहीतर धूर. बाई यांपैकी कोणाच्याच दारी पुरती मावत नाही. शिवाय रुग्णालयातील नोंदींवर संशोधन करावे, तर नोंद होते ती येणारीची. न येणारीचे काय?

हा प्रश्न गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी धसाला लावला. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. दवाखान्यात बसून वाट पाहण्याऐवजी राणीबाईंनी दोन गावे निवडली आणि तक्रार असो वा नसो, तेथील स्त्रियांना तपासावयाचे ठरविले. अशी तपासणी म्हणजे काय, हे येथल्या भगिनींना सांगावयास नको; त्यासाठी आधी गावाचा विश्वास मिळवावा लागतो, आणि तो यंत्राने मिळत नाही. 650 स्त्रियांची तपासणी झाली. तिचा वृत्तांत जानेवारी 1989 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरोग्यखात्यांना त्याची दखल घ्यावी लागली. शंभरातल्या 92 स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक रोग होता. दर स्त्रीमागे रोगांची सरासरी 3.6 भरली. त्यांपैकी निम्मा भार जंतुसंसर्गाचा होता. आणि आजवर अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात किती? अवघ्या 8.

या आकड्यांत आम्हाला सर्वांत बोचतो तो आणखी निराळाच. तपासलेल्यांपैकी 45 टक्के स्त्रियांनी आपल्याला काहीच त्रास नाही असे सांगितले होते. त्यांतल्या बहुतेक आजारी होत्या, हे उघड आहे. बेरीजच तसे सांगते. त्या खोटे बोलत होत्या काय? मुळीच नव्हे. आईला होते, सासूला होते, शेजारणीला होते. जे सर्वांना असते त्याला दुखणे कोण म्हणेल? आपल्या भाषेत 'दुखणे अंगावर काढणे' असा प्रयोग आहे. हा प्रयोग पुरुषांनाही लागू पडतो म्हणा. पण बोलताना तो कोणाविषयी जास्त वापरला जातो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. राणीबाईंनी बायकांचे हे बोलणे पुढे 'कानोसा' या पुस्तकात मांडले. नाव नेमके आहे. ज्याला शास्त्रात 'प्रश्नावली' म्हणतात, तिच्याआधी कानोसा घ्यावा लागतो.

येथे जंतूंविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण जंतू म्हणजे शत्रू ही समजूत आपल्यात पक्की आहे. शेतकऱ्यांना ती लवकर सोडता येईल. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळणारा मनुष्य जंतूला मित्रच मानतो. स्त्रीच्या योनिमार्गातही असे मित्र असतात. जर्मन वैद्य डोडरलाइन यांनी 1892 साली त्यांचे वर्णन केले. ते दह्याच्या विरजणातल्या जंतूंच्या कुळातले असून तेथे आंबटपणा राखतात आणि त्या आंबटपणात उपद्रवी जंतूंचा जम बसत नाही. हे राखणदार कमी झाले की दुसऱ्यांचे फावते. थोडा पांढरा स्राव हा निरोगी शरीराचाच भाग आहे. दुर्गंधी, खाज, वेदना असली तर तो रोग. हा भेद कोणत्या शाळेत शिकवतात? आईने मुलीला सांगावा, तर आईला कोणी सांगितलेला नसतो.

गडचिरोलीच्या पाहणीवरून कोणी म्हणेल की, मग सोपे आहे. जिला तक्रार असेल तिला जंतुनाशक गोळ्या द्या. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी असेच ठरले. प्रयोगशाळा जवळ नसते, तेव्हा लक्षण पाहून औषध द्यावे, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिली होती. गोव्याने या सोपेपणाला धक्का दिला. बार्देश तालुक्यातील हळदोणे परिसरात मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2494 स्त्रियांची पाहणी केली. तिचा एक वृत्तांत 2005 साली प्रसिद्ध झाला. तेथे मुलाखतही झाली, मनाची विचारपूसही झाली आणि जंतूंची तपासणीही. शंभरात 14.5 स्त्रियांची पांढरे जाण्याची तक्रार होती. त्या तक्रारीचा जंतूंशी संबंध क्षीण निघाला. घट्ट संबंध निघाला तो खिन्नतेशी, काळजीशी, आणि अंग मोडून येणे, थकवा, हातापायांना मुंग्या अशा दुखण्यांशी. बायकांना स्वतःला कारण विचारले, तेव्हा सुमारे तिघींतली एक म्हणाली मनाचा ताण, सुमारे तितक्याच म्हणाल्या अंगातली उष्णता. म्हणजे शास्त्राने मोठ्या खटाटोपाने जे शोधले, त्याचा निम्मा भाग बायकांना ठाऊकच होता!

याचा अर्थ 'बाईच्या मनाचे खेळ' असा कोणी घेईल, तर तो अनर्थ होईल. हे मन कशाने दुखते, तेही त्याच पाहणीत तपासले गेले. नवऱ्याची लैंगिक जबरदस्ती, वैधव्य किंवा विभक्तपणा, घरच्या निर्णयात शब्द नसणे, आपल्या माणसांचा आधार नसणे, ही कारणे वर आली. 'मला या घरात राहवत नाही' असे बाईला म्हणता येत नाही. 'अंगावरून जाते' असे कशीबशी म्हणता येते. ती म्हणते आणि तिच्या हातावर गोळी पडते.

तेव्हा गडचिरोलीत रोग आहे आणि तक्रार नाही. गोव्यात तक्रार आहे आणि पुष्कळदा जंतू नाही. दोन्ही पाहण्या खऱ्या आहेत. नुसत्या तक्रारीवर विसंबणारा वैद्य दोन्हीकडे चुकेल. या चुकीची किंमत काय पडते, ते पाहण्यासाठी गडचिरोलीला किंवा गोव्याला जाण्याचे कारण नाही. ती किंमत दर हंगामात आपल्या शिवारात येऊन उतरते.

आम्ही ऊसतोडीच्या टोळ्यांविषयी बोलत आहोत. दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर दुष्काळी जिल्ह्यांतून त्या कृष्णाकाठी येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड. पालात पाणी दुरून आणावयाचे, आडोसा नाही, संडास नाही. लघवी तासन् तास तुंबवावयाची, पाळीचे कपडे कोरडे व्हावयास ऊन व दोरी मिळत नाही, आणि डोक्यावर मोळी आहेच. पर्यावरणशास्त्र म्हणजे कारखान्याची चिमणी आणि नदीतला फेस असे आपण समजतो. 1983 साली गुजरातेतल्या खेड्यांतील पाहणी प्रसिद्ध झाली. त्या पाहणीत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मापक लावून चुलीचा धूर मोजला, तेव्हा पर्यावरण घराच्या आतही असते हे शास्त्राला मोजून पटले. पाल हेही पर्यावरणच आहे. ते मोजावयास अवघड यंत्र लागत नाही. घागरी मोजाव्या, पाणवठ्याची पावले मोजावी.

अशा बाईला त्रास झाला की ती दवाखान्यात जाते. तेथे भीती घातली जाते की पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल. पिशवी गेली की पाळी गेली आणि पाळी गेली की खाडा गेला, हा हिशेबही तिच्या मनात असतोच. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोडणी महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शंभरात जवळजवळ सतरा; देशभराच्या 2015-16 च्या पाहणीत 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. जंतूसाठी गोळी पुरली असती, मनासाठी ऐकणारे कोणी पुरले असते, पाण्यासाठी नळ पुरला असता. तिघांचे काम एका सुरीने केले.

ऐकणारे कोणी, असे आम्ही म्हणालो, त्यालाही आधार आहे. गोव्यातच पुढे 24 दवाखान्यांत प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत 2010 सालचा. डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिकवून समुपदेशक केले. सरकारी दवाखान्यांत खिन्नतेचे रुग्ण त्यामुळे अधिक संख्येने बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे; पण साखर गावच्या दवाखान्यात पोहोचवणे जमते, तर असे शिकलेले माणूस पोहोचवणे जमू नये?

चालकांनी विचारले होते की, कुंडलने यात काय करावे. टोळ्या आता परत निघाल्या आहेत. पट्टा पडला आहे. पुन्हा दिवाळीनंतर त्या येतील. त्या आधी या गावातल्या महाविद्यालयीन मुलींनी पालांच्या जागा पाहून ठेवाव्या: पाणी किती अंतरावर, आडोसा कोठे, जवळचे आरोग्यकेंद्र किती मैलांवर आणि तेथे स्त्री-डॉक्टर कोणत्या वारी असते. हे एका वहीत उतरवावे. मग टोळी आल्यावर पहिल्या आठवड्यात, मुकादम जवळ नसताना, एकेकीशी बसावे. पहिला प्रश्न दुखण्याचा नसावा. झोप लागते का, हा असावा.