किटमधलं सगळं बी एकाच दिवशी लावू नका

(पिंप्राळा येथील गट प्रतिनिधींच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी परसबागेविषयी दिलेली माहिती. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



बचत आणि कर्जफेडीचा विषय झाला. आता थोडा वेळ परसबागेवर बोलू.

गेल्या हिवाळ्यात गटांना भेटी देताना एक तक्रार सारखी ऐकली. "मेथी, पालक छान आली, पण भेंडी आणि गवार उगवलीच नाही. बी खराब निघालं." काही ताईंकडे त्याच पाकिटातलं थोडं बी शिल्लक होतं. त्यांनी ते फेब्रुवारीत टाकलं, तर तेच बी उगवलं! म्हणजे दोष बियाण्याचा नव्हता, वेळेचा होता. पण तोपर्यंत कितीतरी जणींनी "आपल्या अंगणात काही येत नाही" म्हणून वाफे मोडून टाकले होते. घरची भाजी गेली आणि बाजाराचा खर्च परत सुरू झाला.

आपल्याला वाटतं, खान्देश म्हणजे उन्हाचा मुलूख, इथे थंडीने काय नुकसान होणार? पण डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा १० अंशांच्या खाली जातो. धुळ्याला काही वर्षी तो ५ च्याही खाली गेला आहे. वर सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या डाबकडे, गवतावरचं दवसुद्धा गोठतं. आपल्या मैदानात दव सहसा गोठत नाही, पण पिकाला इजा व्हायला बर्फच पडायला पाहिजे असं नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. थंडीने पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, घड अडकतो. ते त्याला 'चिलिंग' म्हणतात. केळीच्या हवामान आधारित विम्यात सलग ३ दिवस ८ अंशांपर्यंत उतरलेलं तापमान नुकसानीचं धरलं जातं. आपल्या भेंडीला विमा नाही, पण थंडी तीच आहे. भेंडी, गवार, गिलकी, कारली, दुधी यांच्या बियांना उगवायला ऊबदार माती लागते. गार मातीत बी नुसतं पडून राहतं आणि कुजतं.

आता दुसरी गोष्ट. आपण म्हणतो, "दिवाळी झाली की बी टाकू." पण दिवाळी तिथीने येते आणि थंडी सूर्याच्या चालीने. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. अडीच आठवड्यांचा फरक पडला! थंडी काही आपल्या सणासाठी थांबत नाही. संक्रांत मात्र सूर्यावर चालते, म्हणून ती १४-१५ जानेवारीलाच येते. तेव्हा बी टाकायचं ते तारीख बघून.

किट हातात आलं की आधी त्याचे दोन भाग करा.

थंडीचं बी: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. मेथी, पालक आणि कोथिंबीर एकदम न टाकता दर १५ दिवसांनी एकेक वाफा टाका, म्हणजे भाजी सलग मिळते.

उबेचं बी: भेंडी, गवार, गिलकी, कारली, दुधी, काकडी. पावसाळ्यानंतर लावायचं असेल तर सप्टेंबरअखेरच्या आत. भेंडी तोडणीला यायला साधारण दीड महिना लागतो, म्हणजे कडाक्याच्या आधी ती हाताशी येते. ही वेळ चुकली तर बी कोरड्या डब्यात, राख घालून, झाकण घट्ट लावून ठेवा आणि थेट फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काढा. मार्चअखेरपर्यंत मात्र थांबू नका. तेव्हा लावलेली भेंडी मे महिन्याच्या उन्हात आणि पाणीटंचाईत सापडते.

वेलांसाठी एक सोपी युक्ती आहे. संक्रांतीनंतर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडा, माती-शेणखत भरा आणि एकेक बी लावा. दिवसा उन्हात, रात्री पडवीत ठेवा. फेब्रुवारीत मुळं न हलवता रोप जमिनीत लावा. दोन-तीन आठवडे वाचतात.

वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच लागली पाहिजेत. थंडी येईपर्यंत झाड मोठं झालेलं असलं तर ते तग धरतं. कडाक्याच्या दिवसांत फुलं गळाली तर घाबरून झाड उपटू नका. ऊब आली की ते पुन्हा धरतं.

थंडीची लाट असेल तेव्हा संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली माती ऊब धरून ठेवते. लहान रोपांवर काड्या रोवून जुनी साडी टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. नाल्याकाठच्या खोलगट जागेत गार हवा साचते. नाजूक रोपं दक्षिणेकडचं ऊन मिळणाऱ्या भिंतीजवळ लावा.

आता गटाचं काम. आपल्या गावची थंडी नेमकी कधी सुरू होते आणि कधी संपते, हे छापील पुस्तकात मिळणार नाही. ते आपणच लिहायचं. प्रत्येक गटाने एक साधा तापमापक घ्यावा आणि अंगणात सावलीत टांगावा. १ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी रोज पहाटे एका ताईने आकडा वहीत लिहावा. पारा १० च्या खाली पहिल्यांदा आणि शेवटचा कधी गेला, त्या दोन तारखा लाल पेनाने लिहा. तीन-चार हिवाळे झाले की गावचं स्वतःचं लावणीचं वेळापत्रक तयार होईल. अंदाजासाठी मोबाईलवर 'मेघदूत' अ‍ॅप मराठीत बघता येतं.

पुढच्या सभेत बियाणे खरेदीचा ठराव घ्यायचा आहे. माझी सूचना अशी: खरेदी एकदम न करता दोन वेळा करावी. थंडीचं बी सप्टेंबरमध्ये, उबेचं जानेवारीत. आपापल्या गटात यावर बोलून या, आणि किती घरांना कोणतं बी हवं त्याची यादी सोबत आणा.