तोंडी बेरजेची रीत

(पातूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आठवडी बाजारात आईवडिलांच्या दुकानावर बसणारी मुले पातूरला आहेत, तशी जगात सर्वत्र आहेत. ब्राझीलमधील रेसिफे शहरात अशा पाच मुलांचा अभ्यास झाला व तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना या मुलांचे सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. त्याच प्रकारची गणिते केवळ आकडे मांडून दिली, तेव्हा मात्र जेमतेम ३७ टक्के बरोबर आली. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ साली ‘नेचर’ नियतकालिकात आलेला निष्कर्षही याच स्वरूपाचा आहे; आणि शाळेत जाणारी मुले बाजारी हिशेबात अडखळतात, हेही त्यात दिसून आले.

बाजारातील मूल संख्या फोडते आणि सोयीने जोडते. शाळेत मात्र हातच्याची उभी मांडणी लवकर येते. स्थानिक किंमत उमगली नसेल, तर २७ आणि ३५ यांची बेरीज मूल ५१२ लिहिते व त्यात त्याला काही वावगेही वाटत नाही. अशी चूक पुढे वजाबाकीत व भागाकारात वाढत जाते आणि अखेर गणिताची भीती मनात घर करते.

यावर उपाय साधे आहेत. ३ आणि ९ मिळवताना नवापासून पुढे तीन मोजावेत. सगळे एकपासून मोजू नयेत. दहाच्या जोड्या, म्हणजे नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच, या तोंडपाठ असाव्यात. मग ८ आणि ५ म्हणजे आठात दोन घालून दहा, उरलेले तीन, एकूण तेरा. सहा दुणे बारा येत असेल, तर सहा आणि सात तेरा हे आपोआप येते. दोन अंकी संख्यांत दशक आधी घ्यावेत : वीस आणि तीस पन्नास, सात आणि पाच बारा, एकूण बासष्ट. चिंचोके व तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे एवढे साहित्य यास पुरेसे आहे.

मराठी संख्यानामांची अडचणही ध्यानात घ्यावी. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी व वीस नंतर येतात. लिहिताना क्रम उलटा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात रूढ नावांसोबत ‘वीस सात’ असे वाचन आले, तेव्हा राज्यात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी लहान मुलांना जोडाक्षरांचा व उलट्या क्रमाचा होणारा त्रास त्या वेळी स्पष्ट केला होता. वादात कोणतीही बाजू पटो, मुलाची अडचण खरी आहे.

पण याच भाषेत एक ठेवाही आहे. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसास एक उणा. २९ आणि १६ मिळवताना तीस आणि सोळा शेहेचाळीस, त्यातून एक वजा, पंचेचाळीस. ही युक्ती शब्दातच दडलेली आहे. ती मुलांना उलगडून दाखवावी.

उजळणी व पाढे यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पाठांतर पाया देते, युक्ती त्यावर चालायला शिकवते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान मिळावे, असे ध्येय २०२६-२७ पर्यंत ठेवले आहे. ते गाठायचे तर वर्गात रोज दहा मिनिटे तोंडी हिशेबास द्यावीत. शर्यत लावू नये. बोटे मोजणाऱ्यास रागावू नये. त्यास पुढची पायरी दाखवावी. उत्तर बरोबर असो वा चूक, “कसे काढलेस, बाळ?” हा प्रश्न जरूर विचारावा. मुलाने सांगितलेली रीत ऐकली, की कोठे अडते ते शिक्षकास कळते, आणि आपल्या विचाराला किंमत आहे हे मुलास कळते.