घरचा वाचनफलक

घरांत पुस्तकें असणें आणि घरांत वाचन असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटांत शंभर पुस्तकें असतात, दारांना कांचा असतात, कुलूपही शाबूत असतें. पण गेल्या वर्षभरांत त्यांतील कोणतें पुस्तक कोणीं उघडलें, असें विचारलें तर घरांतील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. सुशिक्षित कुटुंबांतही हें दृश्य विरळा नाहीं. वाचावयाच्या पुस्तकांची यादी पुष्कळांजवळ असते. परंतु ती रोजनिशीच्या मागल्या पानावर, नाहीं तर हल्लींच्या रीतीप्रमाणें मोबाइलमध्यें दडलेली असते. ती लिहिणाऱ्यालाच पुन्हां दिसत नाहीं, मग इतरांना कोठून दिसणार ? ही यादी भिंतीवर आणणें, आणि तीही डोळ्यांना प्रसन्न वाटेल अशा रूपानें आणणें, हा या भाषणाचा विषय आहे.

पुस्तक दिसल्यावांचून तें मागितलें जात नाहीं, हें ग्रंथपालांनीं फार पूर्वींच ओळखलें. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं आपलीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्यांतील तिसऱ्या सूत्राचा आशय आहे. आणि याचसाठीं ग्रंथालयांतील कपाटें वाचकाला खुलीं असावींत, असा त्यांचा आग्रह होता. ग्रंथालयाच्या दाराशीं नव्या पुस्तकांचीं वेष्टनें फलकावर लावतात, तींही याच हेतूनें. घरचा वाचनफलक हा त्या फलकाचा धाकटा भाऊच होय.

त्याला खर्च फारसा येत नाहीं. दोन फूट रुंद व दीड फूट उंच असा जाड पुठ्ठा घ्यावा. त्यावर जुन्या साडीचें कापड ताणून चिकटवावें आणि चारी कडांना त्याच साडीचा काठ लावावा. खणाचें कापड असेल तर फारच उत्तम. चिकटविण्यास मैद्याची खळ पुरते. नुसत्या खळीला कसर लवकर लागते, म्हणून पुस्तकबांधणी करणारे कारागीर तींत किंचित् मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. तेव्हां तें मोठ्या माणसानेंच हाताळावें, आणि भांडें स्वयंपाकाचें घेऊं नये. खळ वाळतांना पुठ्ठा एका अंगास वांकतो. यासाठीं मागच्या बाजूसही कागद चिकटवावा व फलक रात्रभर जड वजनाखालीं दाबून ठेवावा. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद जाड व रंगीत असतो. त्याचे लहान लहान कप्पे करून तीन ओळींत लावावे. पहिली ओळ वाचावयाच्या पुस्तकांची, दुसरी हातीं असलेल्यांची, तिसरी वाचून झालेल्यांची. प्रत्येक पुस्तकाची एक चिठ्ठी करावी, आणि वाचन जसजसें पुढें सरकेल तसतशी ती चिठ्ठी खालच्या ओळींत उतरवावी.

चिठ्ठीवर वेष्टनाची नक्कल काढण्याऐवजीं पुस्तकाच्या पोटांतील एखादी वस्तु काढावी. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे गेले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापला गेला. त्याच्या चिठ्ठीवर वरसईपासून झांशीपर्यंतचा लहानसा नकाशा काढावा, आणि वाचक जेथवर पोंचला असेल तेथवर तांबडी रेघ ओढीत जावें. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' या पुस्तकांत बारा महिन्यांचें वर्णन आहे. त्यासाठीं बारा आऱ्यांचें चक्र काढून, एक एक महिना वाचून होतांच एक एक आरा रंगवावा. अशी सजावट नुसती शोभेची राहत नाहीं. वाचन कोठवर आलें हें ती सांगते. चिठ्ठीच्या मागें वाचकानें आपलें मत दोन ओळींत लिहावें.

येथें एका धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. फलक करण्यांतच उत्साह संपून जातो, आणि नव्याचे नऊ दिवस सरले कीं चाळीस चिठ्ठ्या धूळ खात लटकत राहतात. म्हणून पहिल्या ओळींत माणशीं दोनच चिठ्ठ्या असाव्यात. एक खालीं उतरल्याशिवाय नवी चढवूं नये. न रुचलेल्या पुस्तकासाठीं कोपऱ्यांत एक निराळा कप्पा ठेवावा, आणि त्याबद्दल कोणासही बोल लावूं नये. गुण, बक्षिसें, भावंडांची चढाओढ हीं या फलकाजवळ फिरकूं देऊं नयेत. ज्या मुलानें वाचनाची शर्यत केली, तें पानें मोजावयास शिकतें. वाचावयास शिकतेंच असें नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं फलकावर घरांतील प्रत्येकाच्या नांवाचा उभा रकाना असावा, आणि त्यांत गृहिणीचा रकाना चुकूं नये. वडिलांचें वाचन सर्वांस ठाऊक असतें, मुलांचें परीक्षेमुळें कळतें. पण ती दुपारीं भांडीं आवरल्यावर काय वाचते, किंवा तिला काय वाचावेंसें वाटतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहावयास-वाचावयास शिकल्या, आणि त्यांचें 'स्मृतिचित्रें' हें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध होऊन मराठीचें भूषण ठरलें. पोथी असो, दिवाळी अंकांतील कथा असो, तिच्या वाचनाला फलकावर तितकाच मान असावा. आणि इतरांच्या चिठ्ठ्या खालीं उतरत असतां तिचीच चिठ्ठी दोन दोन महिने जागच्या जागीं राहिली, तर तो तिचा आळस समजूं नये. तिला बसावयास वेळच मिळालेला नाहीं, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. तो ओळखून घरांतील इतरांनीं संध्याकाळचें एखादें काम आपल्याकडे घ्यावें. वाचनाच्या फलकांत घरांतील श्रमांची वांटणी अशी आपोआप उमटते, आणि ज्याला डोळे आहेत त्याला ती वाचतां येते.

फलक ओलसर भिंतीवर किंवा थेट उन्हांत टांगूं नये. पहिल्यानें बुरशी धरते, दुसऱ्यानें रंग उडतो. घरांतील सर्वांत लहान वाचकाचा हात पोंचेल इतक्या उंचीवर तो असावा. वर्षअखेर वाचून झालेल्या चिठ्ठ्या दोऱ्यांत ओवून, वर सालाचा आंकडा घालून, जपून ठेवाव्यात. पुढें कधीं त्या उलगडल्या, तर त्या वर्षीं घरांतील माणसांचीं मनें कोठें कोठें हिंडून आलीं, हें त्यांवरून कळेल. आरंभास मात्र एक पुठ्ठा आणि माणशीं एक चिठ्ठी एवढें पुरे आहे.