जामीन मिळाला, जामीनदार मिळाला नाही
(बेव्हर्ली पार्क, मीरा रोड येथे केलेले भाषण)



बंधू-भगिनींनो, आपल्या जिल्ह्याचं ठाणे मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला आहे. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. शत्रूला बाहेर ठेवणाऱ्या भिंती इंग्रजांनी माणसं आत ठेवायला वापरल्या. अनंत कान्हेरेंना १९१० मध्ये तिथेच फाशी झाली.

तुरुंग कशासाठी? जुन्या काळी बऱ्याच ठिकाणी कोठडी म्हणजे निवाडा होईपर्यंत माणसाला धरून ठेवायची जागा होती. पुढे कोठडी हीच शिक्षा झाली. मग सुधारणेचा विचार आला. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैदी उघड्यावर शेती करत, कुटुंबासह राहत. ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला.

पण आज? २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. म्हणजे ना शिक्षा, ना सुधारणा. नुसतं धरून ठेवणं.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला जामीन मंजूर झाला. त्याची आई माझ्याकडे आली, “भाईजान, जामीनदार म्हणून उभे राहा.” मी “बघतो” म्हणालो, आणि बघितलं नाही. मुलगा आणखी दोन महिने आत राहिला. पुढे निर्दोष सुटला. त्याची आई आजही मला सलाम करते. मीच नजर चुकवतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, तर सुटकेचा मार्ग खुला होतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले असलेल्यांना हे लागू नाही. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी २०२३ पासून केंद्राची मदतीची योजनाही आहे.

पण कोर्टात कागद घेऊन उभा राहणारा शेजारी कायदा देत नाही. तो आपणच व्हायचं. दाराशी वही ठेवली आहे. ज्यांची तयारी आहे, त्यांनी नाव लिहावं. पहिलं नाव मी माझं लिहिलं आहे.