मनाचे आजार आणि आपला समाज
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



शिक्षण, वसतिगृह, हुंडा आणि वधूवर-परिचय या विषयांवर आपण दरवर्षी विचारविनिमय करतो. आज आम्ही ज्या विषयास हात घालीत आहोत, त्याचा उच्चार आपल्या घरांतून दार लोटून केला जातो. तो विषय मनाच्या आजारांचा होय.

असे आजार लाखांत एखाद्यालाच होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. तीत प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आयुष्यात केव्हातरी तो झालेल्यांचे प्रमाण शेकडा १३.७ भरले. दारूचे व्यसन या हिशेबात धरलेले आहे, तंबाखूचे नाही. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु शेजारचे मध्यप्रदेश, छत्तीसगड व गुजरात होते. तेव्हा आपण निराळे आहोत, असे मानण्यास आधार नाही. शंभर प्रौढ माणसांच्या सभेत दहा जणांचा हा प्रश्न असू शकतो.

याहूनही चिंतेची बाब पुढेच आहे. आजारागणिक शेकडा ७० ते ९२ रुग्ण उपचारावाचून राहतात, असे त्याच पाहणीत दिसून आले. डॉक्टर थोडे, हे एक कारण. परंतु लोकलज्जा हेही तितकेच मोठे कारण आहे. धाकट्या बहिणीचे लग्न अडेल म्हणून भावाचा आजार लपविला जातो. देवऋषी व गंडेदोरे यांत वर्ष निघून जाते. ‘दोनाचे चार हात केले म्हणजे ताळ्यावर येईल’ असे म्हणून लग्न लावून दिले जाते, आणि मग एका दुःखाची दोन घरे होतात!

आपल्या यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख पुष्कळ भोगले आहे. त्याचे मूळ नापिकी, कर्ज व पडते भाव यांत आहे. गोळ्यांनी कर्ज फिटत नाही. तथापि खचलेल्या मनास वेळीच आधार मिळाला, तर माणूस वाचू शकतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाच्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांशी या विषयावर बोलणे सुरू केले. उदासीनतेच्या आजारासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. बोलल्याने एवढे घडते!

म्हणून आमची तीन मागणी आहेत. आजार लपवून कोणी सोयरीक जुळवू नये. घरात एकास आजार आहे एवढ्यावरून कोणी त्या घरची मुलगी वा मुलगा नाकारू नये. पहिली गोष्ट दुसरीवाचून घडणार नाही. आणि झोप उडाली, जेवण सुटले, माणूस अबोल झाला, तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यास न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६.

ताप आलेल्या माणसाची आपण विचारपूस करतो. मन आजारी पडलेल्याच्या घरीही तितक्याच सहजतेने आपली पावले वळोत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.