शिखर दिसते, पायऱ्या कुठे आहेत?

राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विषय निघाला की कोलकाता, गोवा, मुंबई ही नावे आठवतात. मी मात्र तिच्याकडे आपल्या नगर जिल्ह्यातून पाहणार आहे.

श्रीरामपूरचा झहीर खान आणि मूळचा संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे भारतीय क्रिकेट संघात पोहोचले. गुण त्यांचेच, पण क्लब, मग रणजी, अशी एकेक पायरी समोर होती. मी शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो. सुब्रतो चषकाच्या निमित्ताने तालुका, जिल्हा असे सामने होतात. सतरा वर्षांनंतर पुढे काय, हा मुलांचा प्रश्न असतो.

राष्ट्रीय लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली. पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने मिळवले. २००५-०६ मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड विजेता ठरला. २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. परदेशी नामवंत आले, दूरचित्रवाणीवर झगमगाट झाला. खेळाडूंना चांगले पैसे मिळू लागले, हेही मान्य करायला हवे.

पण महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला, जेसीटीचा २०११ मध्ये, शेजारच्या पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. २०२५ मध्ये तर महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार संपत आल्याने सुपर लीगचा हंगामच अडला. तो २०२६ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. तोवर खेळाडू घरी बसून.

याचे कारण साधे आहे. संघ कंपनीचा, निर्णयही कंपनीचा. जर्मनीत बहुतेक व्यावसायिक क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांकडे ठेवावी लागतात. ही कल्पना नगरकरांना परकी नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना शेतकऱ्यांनी शेअर घेऊनच उभा केला ना? कारखाना आपला वाटला, म्हणून लोक अडचणीतही पाठीशी राहिले.

तसा एखादा क्लब तालुक्याच्या गावी का होऊ नये? शंभर-दोनशे सभासद, थोडी वर्गणी, शाळेचे किंवा कॉलेजचे मैदान, एक शिकलेला प्रशिक्षक. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव यांनी आळीपाळीने एकमेकांच्या गावी जाऊन खेळावे. चार महिने दर रविवारी सामना झाला, तरी अठरा वर्षांच्या पोराला बूट खुंटीला टांगावे लागणार नाहीत.

राष्ट्रीय लीग हा कळस आहे. पाया आपल्याला इथेच घालावा लागेल, आणि त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.