सहा आकडे

आमचं बार्शीटाकळी अकोला जिल्ह्यातलं. नुसती बार्शी सोलापूरकडची. हा फरक मला एका कार्डानं शिकवला. अमरावतीला बी.ए. करताना परीक्षेच्या फीसाठी अब्बांना कार्ड टाकलं. ना जिल्हा लिहिला, ना पिनकोड. बार्शीचा शिक्का घेऊन ते घरी पोचलं, तोवर फी भरायची मुदत सरली होती. वर्ष गेलं. चूक माझीच.

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. 1993 साली मुंबईत पत्रांची छाननी करणारं यंत्र आलं, तेही याच आकड्यांच्या भरवशावर. आता बँकेच्या पत्राची घडी घालून ते पाकिटात भरण्याचं कामही यंत्र करतं.

गावात आल्यावर मात्र गल्ली पोस्टमनलाच ठाऊक.

अब्बा तेव्हा रागावले नाहीत. उत्तराच्या कार्डावर त्यांनी फक्त सहा आकडे लिहिले: 444401. अजून कवितेसारखे पाठ आहेत.